उत्तरेच्या राज्यातल्या मावशी

शनिवारी मावशी कोणाला काही करायला सांगत नसत. त्या फक्त माहिती देत.

“ढगांनी अंधारलं गो बाई,” असं त्या खुर्चीत बसल्या बसल्या समोरच्या भिंतीला सांगत आणि मी उठून दिवा लावत असे. पहिल्या शनिवारी मला हे काही कळलं नव्हतं. “आज थंडी जास्त आहे,” असं त्या चार वेळा म्हणाल्या, चारही वेळा मी “हो ना” म्हटलं, आणि आम्ही दोघी दिवसभर स्वेटर घालून कुडकुडत बसलो. सूर्य मावळल्यावर त्या उठल्या, स्वतःच्या हाताने हीटर वाढवला आणि म्हणाल्या, “तुमच्या सांगलीकडे इशारा नावाचा प्रकार नसतो का?”

मावशी बेने इस्राएल होत्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. शब्बाथ पाळायचा, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तो मावळेपर्यंत काम नाही, विस्तव पेटवणं नाही, गाडीत बसणं नाही. दुसऱ्याला काम सांगणंही नाही. माहिती देण्याला मात्र बंदी नव्हती. “आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे,” त्या सांगत. “गावाने नाव पाडलं, शनवार तेली. आता घाणा नाही, बैल नाही. तू आहेस.”

मी तेव्हा अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते. मावशी पूर्वी अलिबागच्या एका शाळेत इतिहास शिकवत असत. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या, नवरा गेल्यावर घर मोठं झालं म्हणून वरची खोली भाड्याने देऊ लागल्या. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला ना पगार विचारला, ना जात. विचारलं ते एवढंच, “शलमोन राजा मेल्यावर काय झालं, माहीत आहे?”

मी नाही म्हटलं.

“बरं झालं. अर्धवट माहिती असलेली माणसं फार त्रास देतात. बस.”

आणि खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. शलमोन मेला, त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसायला निघाला. लोक जमले आणि म्हणाले, तुझ्या बापाने आमच्यावर फार ओझं लादलं, तेवढं हलकं कर, आम्ही तुझेच आहोत. रहबामने तीन दिवसांची मुदत मागितली. जुन्या जाणत्यांनी सल्ला दिला, आज गोड बोल, जन्मभर तुझे राहतील. बरोबर वाढलेल्या दोस्तांनी सांगितलं, दम दे. तिसऱ्या दिवशी हा लोकांना म्हणाला, बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. झालं. बारांतली दहा कुळं उठून गेली. उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहूदा. एकाच बापाच्या लेकरांची दोन राज्यं.

“एका उद्धट उत्तरापायी,” मावशी म्हणाल्या. “पुन्हा सांधलं नाही ते. चहा घेणार?”

या रहबामाने माझी पीएच.डी. वाचवली, हे मी अजून माझ्या गाइडला सांगितलेलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी माझं सहा महिन्यांचं काम एका ओळीच्या ईमेलमध्ये मोडीत काढलं. मी तिखट उत्तर लिहिलं आणि मावशींना मोठ्याने वाचून दाखवलं, शाबासकी मिळेल म्हणून. त्यांनी चष्मा काढला.

“तीन दिवस थांब.”

“रहबामसुद्धा तीन दिवस थांबलाच होता की,” मी म्हटलं.

“थांबला, पण विचारलं चुकीच्या माणसांना. तू मला विचारतेयस.”

तिसऱ्या दिवशी ते उत्तर मीच खोडलं.

त्यांच्या फ्रिजवर दोन याद्या चिकटवलेल्या होत्या. डावीकडे उत्तरेचे एकोणीस राजे, उजवीकडे दक्षिणेचे वीस, आणि प्रत्येकापुढे लाल शाईने शंभरपैकी गुण. दक्षिणेच्या योशीयाला ब्याण्णव, हिज्कीयाला नव्वद. “त्याने पाहुण्यांना खजिना दाखवला, म्हणून दोन कमी.” उत्तरेच्या यादीत सगळेच्या सगळे नापास. फक्त येहू नावाच्या राजाला पस्तीस, तेही ग्रेस देऊन. हा येहू रथ फार बेफाम हाकत असे. मावशींच्या डोळ्यांमुळे त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं, तेव्हा त्यांनीच मला त्यांच्या जुन्या गाडीवर शिकवलं. मी वळणावर वेग कमी केला नाही की त्या सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून ओरडत, “येहू! येहू!” एकदा सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने काच खाली करून विचारलं, मदत हवी आहे का.

आणि तरीही मावशी स्वतःला उत्तरेच्या मानत. त्यांच्या समाजात एक जुनी कथा आहे. फार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या. आठवत राहिली ती एक प्रार्थना. ही माणसं नेमकी कुठून आली, यावर समाजात वाद आहे. मावशींचं मत पक्कं होतं. अश्शूरच्या राजाने उत्तरेचं राज्य बुडवलं, तिथली दहा कुळं देशोधडीला लागली, पुढे कोणाला सापडली नाहीत. त्या हरवलेल्यांतले आपण.

“पण तुमचे सगळे राजे नापास, मावशी.”

“मग? नापास झाले म्हणून काय दुसऱ्याचे झाले? माझेच ना ते.”

गावातल्या वाचनालयात निवृत्त मंडळींसाठी दर महिन्याला एक व्याख्यान असे. एकदा मावशींना बोलावलं. जाडजूड इरकल नेसून, वर बर्फातला कोट घालून त्या गेल्या आणि संदेष्ट्यांवर तासभर बोलल्या. शेवटी एका गृहस्थांनी हात वर केला. जगाचा शेवट कधी, याबद्दल त्या संदेष्ट्यांनी काय लिहून ठेवलंय, ते त्यांना हवं होतं. मावशी इंग्रजीत म्हणाल्या, “मला माहीत नाही. संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे.” गृहस्थ हिरमुसले. घरी येताना गाडीत त्या मला मराठीत समजावत राहिल्या, कारण त्यांचं बोलून संपलेलं नव्हतं.

“देवाने या लोकांशी करार केला. तुम्ही असं वागा, मी तुमचा होईन. आता करार मोडला तर कोणीतरी येऊन आठवण करून द्यायला नको? मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही की आम्ही घरी चिठ्ठी पाठवायचो. संदेष्टा म्हणजे ती चिठ्ठी. पुढचं सांगत नाही तो. मागे काय कबूल केलं होतंस, ते सांगतो.”

“आणि कबूल केलेलं पाळणं अशक्यच झालं तर?”

त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ज्याला शब्द दिला त्याने सोडलं तर सुटतो माणूस. दुसऱ्या कोणाला सोडवता येत नाही. सरळ बघ, येहू.”

त्या का गप्प झाल्या, ते मला त्याच हिवाळ्यात कळलं.

डिसेंबरमध्ये त्यांच्या आईचं वर्षश्राद्ध येई. आमच्याकडे त्याला तसं म्हणतात, त्यांचा शब्द वेगळा होता. त्या दिवशी त्यांना डेट्रॉइटच्या एका उपनगरातल्या कबरस्तानात न्यायचं होतं. पोचलो, मी गाडी थांबवली, तरी मावशी उतरेनात. समोर एक निळी गाडी उभी होती. लांब थडग्यांच्या रांगेत एक उंच, वाकलेला म्हातारा टोपी हातात धरून उभा होता आणि त्याच्या जरा मागे एक बाई.

“हीटर चालू ठेव,” मावशी म्हणाल्या. “तो जाऊ दे.”

तो गेला. जाताना आमच्या गाडीकडे त्याने बघितलं, आणि मावशी पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. निळी गाडी दिसेनाशी झाल्यावरच त्या उतरल्या.

तो त्यांचा धाकटा भाऊ. ट्रॉयमध्ये राहायचा, ॲन आर्बरपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता, निवृत्त झाला होता. अकरा वर्षं बहीणभाऊ एकमेकांशी बोललेले नव्हते. लोकांना त्या सांगत की भाऊ स्वतःला यहूदाच्या कुळातला, दक्षिणेचा मानतो, आणि अशा माणसाशी बोलण्यासारखं काय असतं? मीही ते गमतीने घेत असे. त्या दिवशी परतताना त्यांनी खरं कारण सांगितलं.

वडील गेल्यावर आईला अमेरिकेत आणलं ते मावशींनी. वडिलांचं थडगं रेवदंड्याला, समुद्राच्या जवळ. विमानतळावर आईने विचारलं, “मला परत आणशील ना गं, त्यांच्या शेजारी?” मावशींनी तिचा हात धरून सांगितलं, “आणीन.” पुढे आई मुलाकडे ट्रॉयला राहत असताना गेली. मावशी तेव्हा नेमक्या अलिबागला होत्या, शाळेच्या समारंभाला. भावाचा फोन आला, त्या मिळेल त्या विमानाने निघाल्या. त्या पोचायच्या आत भावाने आईला इथल्याच मातीत ठेवलं.

“आमच्यात उशीर करत नाहीत, हे मलाही माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण शब्द मी दिला होता. त्याने तो मोडला, आणि मला न विचारता मोडला. मी आकाशात होते गो. मी अजून आकाशात होते.”

मी गाडी हळू चालवली. येहूचं नाव त्या दिवशी निघालं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत हिमवर्षाव नव्हे, पाऊस झाला, आणि तो पडता पडता गोठला. झाडं काचेची झाली. फांद्या मोडून तारांवर पडल्या. आमच्या गल्लीत वीज राहिली, पण अवतीभवतीच्या कितीतरी गावांत गेली. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास घरचा फोन वाजला. “फोन वाजतोय वाटतं,” मावशींनी माहिती दिली. मी उचलला.

पलीकडे एक मुलगी रडवेल्या आवाजात इंग्रजी आणि मराठी एकत्र करून बोलत होती. ती मावशींची भाची, भावाची मुलगी, सिॲटलला राहणारी. आईबाबांकडे गुरुवारपासून पॉवर नाही. हीटिंग बंद. हॉटेलं फुल. शेजारीही अंधारातच. ड्राइव्हवेवर झाड पडलंय, गाडी निघत नाही. बाबा म्हणतात आम्ही ठीक आहोत, पण काल बाबांचं बोलणं नीट कळत नव्हतं. “आय नो आत्या आमच्याशी बोलत नाही. आय नो आज शब्बाथ आहे. पण मला दुसरं कोणी माहीत नाही, प्लीज.”

मी फोन हातात धरून मावशींना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसून होत्या, मांडीवर उघडी पोथी. मी म्हटलं, “मी एकटी जाऊन त्यांना घेऊन येते.”

“तो तुझ्याबरोबर येणार नाही. दारही उघडणार नाही.”

“मग सूर्य मावळल्यावर दोघी जाऊ. सात तासांचा प्रश्न आहे.”

मावशींनी पोथी मिटली नाही. पानावर हात ठेवून त्या बोलू लागल्या, अगदी वर्गात बोलत तशा.

“एकदा उत्तरेने दक्षिणेवर स्वारी केली. आमच्या लोकांनी. भावांच्या बायका, मुलं धरून आणली, हजारोंनी. गुलाम करायला. आमच्या राजधानीच्या, शोमरोनच्या वेशीपाशी ओदेद नावाचा एक संदेष्टा आडवा आला. एवढंच बोलला, ही तुमची भावंडं आहेत, परत पाठवा. आणि गंमत बघ, त्यांनी ऐकलं. सगळ्या इतिहासात एवढं एकदाच ऐकलं. लुटीतले कपडे काढून उघड्यांना घातले. पायांत जोडे घातले. खायला दिलं, प्यायला दिलं, जखमांना तेल लावलं. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना गाढवांवर बसवलं आणि यरीहो गावापर्यंत नेऊन त्यांच्या माणसांत सोडलं. या ओदेदाचं नाव कोणाला माहीत नसतं. मी शाळेत कधी शिकवलं नाही.”

फोनवर भाची वाट बघत होती. मावशी उठल्या.

“तिला सांग, निघालो. आणि गाडी काढ.”

तीन वर्षांत शनिवारी त्यांनी मला काही करायला सांगण्याची ती पहिली वेळ.

जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायलाच हवा असा त्यांचा नियम आहे, हे मला नंतर कळलं. त्यांनी त्या दिवशी नियमाचा आधार घेतला नाही. कपाटातून नवऱ्याचे जुने लोकरी मोजे, दोन ब्लँकेटं, थर्मास, शुक्रवारीच करून ठेवलेला नारळाच्या दुधातला मासा, सगळं भराभर पिशव्यांत घातलं. गाडीत बसताना मात्र त्यांचा हात दाराच्या कडीवर क्षणभर थांबला. मग त्या बसल्या.

नेहमीचा एका तासाचा रस्ता, आम्हाला अडीच तास लागले. ट्रॉयमध्ये शिरलो तर सिग्नल बंद, दुकानं बंद, घरांच्या खिडक्या काळ्या. भाचीने दिलेल्या पत्त्यावर ड्राइव्हवेत मेपलचं एक झाड आडवं पडलं होतं. मावशींचा दंड धरून मी त्यांना गवतावरून नेलं. बर्फ पायाखाली काचेसारखा फुटत होता. त्यांनी दार वाजवलं. बराच वेळ कोणी आलं नाही. पुन्हा वाजवलं.

दार उघडलं. कबरस्तानात पाहिलेला तोच उंच माणूस. अंगात दोन कोट, डोक्यावर माकडटोपी, ओठ निळसर. त्याने बहिणीकडे पाहिलं. अकरा वर्षांनी त्याच्या तोंडून निघालेले पहिले शब्द होते, “ताई, आज शनवार आहे.”

“माहीत आहे मला,” मावशी म्हणाल्या. “बूट कुठायत तुझे?”

वहिनी, म्हणजे त्याची बायको, आत सोफ्यावर तीन गोधड्यांखाली होत्या. मी त्यांना उठवलं, थर्मासमधला चहा दिला. भाऊ, ज्यांना मी पुढे काका म्हणू लागले, खुर्चीत बसले होते. बूट समोर होते, पण बोटं वळत नव्हती. दोनदा त्यांनी वाकून नाडी धरायचा प्रयत्न केला. मावशी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडून रोज तेल लावून घेणारी. त्यांनी भावाच्या पायांत लोकरी मोजे चढवले, मग एकेक बूट, मग नाड्या बांधल्या. काका वरून त्यांच्या केसांकडे बघत होते. “पांढरे झाले गं सगळे,” ते म्हणाले.

“पाय पुढे कर.”

येताना मावशी पुढे बसल्या, ते दोघं मागे. वीसेक मिनिटं गेली. मग काका मागून म्हणाले, “ही मुलगी गाडी चांगली चालवते.”

“मी शिकवलंय,” मावशी म्हणाल्या.

ट्रॉयमधली वीज चार दिवसांनी आली. ते दोघं आमच्याकडे अकरा दिवस राहिले. फ्रिजवरच्या याद्या बघून काकांनी पहिल्याच सकाळी हरकत घेतली. हिज्कीयाला शंभर का नाहीत? मावशींनी कारण दिलं. काकांनी ते फेटाळलं. मी विद्यापीठातून परत आले तरी वाद चालूच होता, फक्त मधल्या वेळेत वीस राजे होऊन गेले होते. “आपण यहूदाचेच,” काका टेबलावर हात आपटून म्हणत. “उत्तरेचे असतो तर कधीच विरघळलो असतो. दोन हजार वर्षं शनिवार कोण पाळेल?” मावशी म्हणत, “हरवलेलाच माणूस पाळतो. घरी असलेल्याला काय गरज?” दोघांचे चेहरे लाल व्हायचे. वहिनी शांतपणे भाजी निवडत बसायच्या.

आईचा विषय मात्र कोणी काढत नव्हतं. त्याच्याभोवतीने सगळे जपून चालत होते, जसं बाहेर बर्फावर.

तो काढला वहिनींनी. मंगळवारची सकाळ होती, आम्ही चौघं पोहे खात होतो. वहिनी फार कमी बोलत. बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, “ताई, सासूबाई शेवटच्या आठवड्यात माझ्याशी बोलल्या होत्या.”

काका एकदम म्हणाले, “राहू दे.”

“नको. अकरा वर्षं राहू दिलं.” त्या मावशींकडे वळल्या. “हे म्हणाले, सांगू नकोस. ताई म्हणेल, स्वतःची चूक झाकायला रचून सांगतायत.”

मावशींचा चमचा हातात तसाच होता. “म्हटलं असतं मी,” त्या म्हणाल्या. “नक्की म्हटलं असतं.” मग म्हणाल्या, “काय बोलली? तिचे शब्द सांग. तुझे नकोत.”

वहिनींनी डोळे मिटले. “मी पाय चेपत होते. मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटलं की रेवदंड्याला जाऊन येऊ. तर म्हणाल्या, ‘आता कसलं रेवदंडं? तिथे दर्याकाठी मला भेटायला कोण येणाराय? गेलेल्याला शेजार नको असतो गो, येणारं माणूस लागतं. मला हितंच ठेवा. दोघं भांडत का होईना, येतील तरी.’”

“हितंच म्हणाली?” मावशींनी विचारलं.

“हितंच म्हणाल्या.”

“गेलेल्याला शेजार नको असतो,” मावशी स्वतःशी म्हणाल्या. त्यांच्या आईचीच ती बोलण्याची ढब असणार, कारण हे म्हणताना मावशींचा आवाज थोडा बदलला, दुसऱ्या कोणाचा तरी झाला. त्या उठल्या. सिंकमधल्या बश्या धुऊ लागल्या, त्या सकाळीच धुऊन झालेल्या होत्या. पाठमोऱ्या उभ्या राहूनच म्हणाल्या, “म्हणजे तिने मला शब्दातून सोडलं होतं. आणि तू मला अकरा वर्षं सांगितलं नाहीस.”

“तू फोन उचलत नव्हतीस,” काका म्हणाले.

“चिठ्ठी पाठवायची.”

“पाठवली होती. दोन. परत आल्या. मग म्हटलं, राहू दे.”

मावशींनी नळ बंद केला. हात पुसले. पुष्कळ वेळ पुसले. मग टेबलाशी आल्या आणि काकांच्या अर्ध्या राहिलेल्या बशीत आणखी पोहे वाढले. “खा,” त्या म्हणाल्या. “थंड होतायत.”

त्यांच्यात गळाभेट झालेली मी पाहिली नाही. पण त्यानंतर दर रविवारी काकांचा फोन येई आणि तो मी उचलायचा नसे. मावशी स्वतः जिन्यावरून घाईघाईने खाली येत आणि “हं, बोल” म्हणत. पुढच्या डिसेंबरमध्ये कबरस्तानात दोन्ही गाड्या एकाच वेळी उभ्या होत्या. वाऱ्यात उभे राहून त्यांनी आईच्या थडग्यापाशीही वाद घातला, कुठल्यातरी राजाच्या मुलाबद्दल. वहिनी माझ्याकडे बघून हसल्या.

माझी पीएच.डी. संपली, मी नोकरीसाठी टेक्सासला गेले. मावशी फोनवर माझ्या मॅनेजरला गुण देत. त्याला एकदा एकावन्न मिळाले होते, मग त्याने सुट्टी कॅन्सल केली आणि तो सदतीसवर आला. चौथ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये काकांचा फोन आला. मावशी दुपारी जेवून खुर्चीत बसल्या होत्या, तिथेच गेल्या. उद्या सकाळी दफन. आमच्यात उशीर करत नाहीत, येऊ शकशील का?

मी मिळेल त्या विमानाने निघाले आणि वेळेत पोचले.

पंधरा-सोळा माणसं होती. शेजारी, वाचनालयातले दोन म्हातारे, सिॲटलहून आलेली भाची, आणि एक तरुण रब्बी, ज्याची मावशींशी फारशी ओळख नव्हती. त्याने हिब्रूत प्रार्थना म्हटली, इंग्रजीत चार चांगले शब्द बोलला. मग काकांना विचारलं, तुम्हाला काही बोलायचं आहे का. काका पुढे झाले, “माय सिस्टर,” म्हणाले आणि अडकले. परत म्हणाले, “माय सिस्टर.” मग त्यांनी इंग्रजी सोडून दिलं. खड्ड्याकडे बघून ते सरळ मराठीत बोलू लागले.

“ताई, ही आईशेजारची जागा मी माझ्यासाठी घेऊन ठेवली होती. तुला सांगितलं नव्हतं, तू भांडली असतीस. ही तू घे. मी तुझ्या पलीकडे येईन. मध्ये कोणी नको.” मग म्हणाले, “मला यायला वेळ आहे. तोवर आईशी बोलत बस.”

झाडांची पिवळी पानं वाऱ्याने थडग्यांवरून सरकत होती. रब्बीने माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, काय म्हणाले ते? मी सांगितलं की त्यांनी आपली जागा बहिणीला दिली. त्याने मान डोलावली.

मग माती घालायची वेळ आली. काकांनी घातली, वहिनींनी, भाचीने. फावडं हातातून हातात देत नाहीत, मातीत रोवून बाजूला होतात, पुढचा येऊन उचलतो. भाचीने ते रोवलं. मी मागे, शेजाऱ्यांच्या रांगेत उभी होते. ही त्यांच्या माणसांची गोष्ट होती आणि मी त्यांची भाडेकरू होते, हा विचार करत होते.

काकांनी वळून पाहिलं. “तू का तिथे उभी?”

“मला चालेल, काका?”

“न चालायला काय झालं?” ते जरा चिडूनच म्हणाले. “घरातली ना तू? ये.”

मी पुढे गेले आणि फावडं उचललं. माती ओली होती, वाटली होती त्याहून जड. मी तीनदा घातली.